बॅटरी घेताना पायापुढचा उजेड बघा

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आलेत. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की जेवणं उरकून बांधावर जावंच लागतं. परवा एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. मी सहज विचारलं, घरात बॅटरी किती जणींकडं आहे? सगळे हात वर. मग विचारलं, तुमच्या स्वतःच्या हातात राहणारी किती जणींकडं? दोनच हात वर राहिले. बाकीच्या म्हणाल्या, ताई, आम्ही मोबाईलच्या उजेडावर भागवतो.

बॅटरी म्हणजे टॉर्च बरं का. पुस्तकात विजेरी म्हणतात, आपण बॅटरीच म्हणतो, मीही तेच म्हणणार.

मोबाईलवर मीसुद्धा भागवत होते. गेल्या रब्बीत आमचे हे चांगली बॅटरी घेऊन विहिरीवर मोटर बघायला गेले आणि मी दारं धरत होते. दोन्ही हातांत खोरं, म्हणून मोबाईल तोंडात धरलेला. सरी फोडायला वाकले आणि मोबाईल चारीत पडला. गुडूप अंधार. आणि बांधाच्या गवतातून कुकरची शिट्टी सुटावी तसा फुस्स आवाज. मी जागची हलले नाही. हे येईपर्यंत पाच मिनिटं गेली असतील, मला रात्र सरल्यासारखी वाटली. उजेड पडला तेव्हा माझ्या पायापासून दोन हातांवर घोणस वेटोळं घालून बसलेली. मोबाईल गेला, मी वाचले.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आपली बॅटरी घ्यायची. गटात विषय काढला, दहा जणींनी पैसे जमवले आणि बाजारातून दहा बॅटऱ्या आणल्या. डब्यावर लिहिलेलं ‘दहा हजार ल्युमेन, एक किलोमीटर लांब’. किंमत तीनशेच्या आत. आम्हाला वाटलं, लॉटरी लागली. दोन महिन्यांत सहा बंद पडल्या. दुकानदार म्हणाला, चायना मालाची गॅरंटी नसते, आणि बिल आम्ही मागितलंच नव्हतं. चूक आमची. पण त्या चुकीमुळं मी या विषयाच्या मागं लागले, ते तुम्हाला सांगते.

आपल्या लहानपणी पत्र्याची किंवा पितळी बॅटरी असायची. दोन किंवा तीन मोठे सेल, पुढं छोटा बल्ब. त्या बल्बमध्ये बारीक तार तापून लाल-पिवळी व्हायची. वीज बहुतेक उष्णतेतच जायची, उजेड थोडाच. हातातून पडली की तार तुटायची. एलईडीत तार नसते. एका छोट्या चकतीतून वीज गेली की ती थेट उजेड देते, म्हणून कमी विजेत जास्त उजेड, आणि धक्क्यानं तुटायला आत काही नाही. लाल एलईडी १९६०च्या दशकातच आली होती, पण पांढरा उजेड पाडायला निळी एलईडी लागते आणि तेच अवघड होतं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपानी शास्त्रज्ञांनी ते जमवलं, त्यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. बॅटरी बंद असताना काचेत डोकावून बघा, मधोमध पिवळा ठिपका दिसेल. तो निळ्या एलईडीवरचा पिवळा लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो.

आता डब्यावरच्या आकड्यांकडं येऊ. किती उजेड बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. आपल्या घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण आठशे-नऊशे ल्युमेन देतो. मग ‘दहा हजार ल्युमेन’ म्हणजे घरातले अकरा बल्ब एका मुठीत! एवढा उजेड एका छोट्या सेलवर चालेल का? हा हिशोब आम्ही दुकानात केला असता तर पैसे वाचले असते. हातात धरायच्या चांगल्या बॅटरीला शंभर ते तीनशे ल्युमेन आपल्या कामाला पुष्कळ झाले.

दुसरा आकडा सेलचा, एमएएच. आत बोटाएवढा जाड लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याला ‘१८६५०’ म्हणतात. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार एमएएच मावतं. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं की समजायचं, छापणाऱ्यानं हात सैल सोडलाय. दोन हजारांचा खरा सेल एक वॅटचा दिवा पाच-सहा तास चालवतो, पाच वॅटचा जेमतेम तासभर. म्हणून कमी-जास्त उजेडाचं बटण असलेली बॅटरी घ्या आणि कमी उजेडावर वापरायची सवय लावा. त्यात आणखी एक फायदा आहे. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. झगझगीत उजेड मारून बंद केला की काही वेळ आपण आंधळ्याच होतो.

लांबच्या उजेडाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. पुरुषांना तर फारच, पलीकडच्या शिवारातलं लिंबाचं झाड दिसलं की खूश. पण झाड चावत नाही. आपल्याला हवा पायापुढच्या आठ-दहा हातांतला पसरट उजेड. दुकानात बॅटरी भिंतीवर मारून बघा. मधे एकच पांढरा गोळा आणि भोवती काळोख असेल तर ती लांबच्या कामाची. मधला उजेड मऊ आणि कडेला रुंद पसरलेला असेल तर ती आपल्या कामाची. काहींचं तोंड पुढंमागं सरकवून उजेड रुंद-अरुंद करता येतो, त्या दोन्हीला चालतात. दारं धरायला मात्र डोक्याला पट्ट्यानं बांधायची बॅटरी सगळ्यांत उत्तम. दोन्ही हात मोकळे, आणि मान वळेल तिकडं उजेड. पहिल्या दिवशी जावा हसल्या मला, आता दोघींनी घेतल्यात.

पावसाचं आणि चिखलाचं काय? डब्यावर ‘आयपी’ आणि पुढं आकडा असतो. आयपीएक्स४ म्हणजे पाणी उडालं तर चालेल. आयपी६७ म्हणजे आत धूळ जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी टिकावी. चारीत पडायची भीती असणाऱ्यांनी हीच बघावी. चार्जिंगच्या भोकावर रबरी बूच घट्ट बसतं का, बटण वीसदा दाबून मधेच अडतं का, मागचं झाकण आट्यांचं आहे का, हेही तिथंच बघून घ्या. सेल बदलता येणारी असेल तर उत्तम. दोन-तीन वर्षांनी सेल थकतो, दिवा नाही. सेलवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह बघा आणि बिल घ्या. आमच्यासारखं करू नका.

चार्जिंगचं जरा नीट ऐका. काही स्वस्त बॅटऱ्यांना मागून दोन पिना निघतात, त्या थेट घरच्या बोर्डात खोचायच्या. अशांच्या आत घरची लाईट आणि आपला हात यांच्यामध्ये फारसं काही नसतं. चार्जिंगला असताना ती पेटवू नका, ओल्या हातानं काढू नका, लेकरांच्या हाती देऊ नका. मोबाईलच्या चार्जरवर चालणारी, टाईप-सी पिनची घेतली तर हा धोका टळतो. जड, मोठ्या काही बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. त्या रिकाम्या करून महिनोन्‌महिने ठेवल्या की मरतात. ‘चार्जिंगच धरत नाही’ ही तक्रार बहुतेक त्यांचीच. वापरा किंवा वापरू नका, महिन्यातून एकदा चार्ज करा. वर सोलर पट्टी असलेलीही मिळते. तळहाताएवढी पट्टी अर्धा वॅट देते असं धरलं तरी दोन हजारांचा सेल भरायला तीन कडक उन्हाचे दिवस. अडीअडचणीला ठीक, भरवशाला नाही.

ट्रॅक्टर, ऑटो, मोटारसायकल घरात असेल तर एक बॅटरी गाडीची म्हणून वेगळी ठेवा. पाठीला चुंबक असलेली मिळते, पत्र्याला चिकटवून चाक बदलता येतं. लाल लुकलुकणारा दिवा असेल तर गाडी बंद पडल्यावर मागच्या बाजूला ठेवता येतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मात्र कधी मारू नये. आणि आपल्या परभणीच्या मे महिन्यात बंद गाडीत लिथियम सेल ठेवू नका, उन्हानं तो फुगतो, खराब होतो. गाडी उन्हात लावली की बॅटरी पिशवीत घालून सोबत न्यायची.

गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींचं वेगळं. कोपीत लाईट नसते, अंधारात उठून फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. त्यांनी डोक्याची एक बॅटरी घ्यावी, आणि ट्रॅक्टरवर मोबाईलचं चार्जिंग होतं त्याच वायरवर भरेल अशीच घ्यावी. बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागं लाल चमकणारी पट्टी लावायला मुकादमाला सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

सापाचं राहिलं. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानं २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, त्यातली बहुतेक खेड्यातली. आपल्याकडं रात्रीचा वैरी मण्यार. ती अंथरुणातही येते, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतच नाही. ना सूज, ना फारसं दुखणं. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. म्हणून बॅटरी उशाशी ठेवा. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय खाली. चप्पल झटकून घालायची. गोठ्यात, गंजीपाशी, जळणाच्या ढिगाशी हात घालण्याआधी उजेड मारायचा. आणि चावलंच, किंवा नुसती शंका आली, तरी कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, बाबाकडं जायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. विषावरची लस तिथं फुकट मिळते.

दिवसा शेतीला लाईट मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तुमच्या फीडरचं काम कुठवर आलंय ते ग्रामसभेत विचारा. तोवर रात्र आपल्याच वाट्याला.

आमच्या गटानं दुसऱ्यांदा बॅटऱ्या घेतल्या तेव्हा अंतर्गत कर्जातून घेतल्या. ठरावाच्या पुस्तकात लिहिलं, ज्या बाईच्या नावावर कर्ज तिच्याच हातात बॅटरी. एक आधी मागवून आठवडाभर वापरली, पाण्याच्या बादलीत बुडवून बघितली, मग बाकीच्या बिलासकट आणल्या. माझ्या बॅटरीवर मी लाल नेलपॉलिशनं नाव लिहिलंय. तरी परवा हे म्हणाले, जरा दे, मोटर बघून येतो. मी म्हटलं, तुमची चार्जिंगला लावलीये, अर्ध्या तासात भरेल.