हवेच्या जागी पोलाद

१९९४ साली निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हर मोटारीचा भार रबरी पिशव्यांतील दाबलेली हवा तोलते. रबराला चिरा पडल्या की हवा गळते आणि एवढी ऐटबाज गाडी खाली बसते! दुरुस्ती महाग, म्हणून काहीजण वापरलेल्या पोलादी कॉइल स्प्रिंगा बसवतात.

पण कोणतीही स्प्रिंग चालेल का? समजा, एका स्प्रिंगवर ४,००० न्यूटन भार आहे. दर मिलिमीटरला २५ न्यूटन लागणारी स्प्रिंग १६० मि.मी. दबेल. तेवढ्याच लांबीची, पण हलक्या गाडीतली २० न्यूटनवाली २०० मि.मी. दबेल. म्हणजे गाडी ४० मि.मी. खाली, खड्ड्यात आपटणारच.

शिवाय भार वाढला तर पिशवीत जास्त हवा भरून उंची राखता येते. पोलादाला ती सोय नाही. मागे सामान लादले की गाडी मागे झुकते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो.