चित्रकार व्हायचंय? आधी वही भरू द्या!

बारावीनंतर मुलगी म्हणाली, ‘मला चित्रकलाच शिकायचीय,’ की घरात पहिला प्रश्न येतो, पोट कसं भरणार? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच नसतं. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे; पुढे त्यांनी खेळण्यांचं काम केलं. पोटापाण्याची सोय करताना त्यांनी ब्रश मात्र खाली ठेवला नाही.

आज वाटा अधिक आहेत. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून, शांतिनिकेतनचं कलाभवन १९१९ पासून, तर बडोद्याची ललित कला विद्याशाखा १९५० पासून चित्रकार घडवतेय. डिझाइनची ओढ असेल, तर बारावीनंतर एनआयडी किंवा आयआयटीसाठीची प्रवेश परीक्षा देता येते.

मात्र निर्णयाआधी घरात एक करार करा. वर्षभर रोज एक तास रेखाटन. घरची माणसं, दारातल्या चपला, भाजीबाजार, काहीही. वह्या भरत गेल्या, तर त्यातली निवडक चित्रं प्रवेशाच्या वेळी कामी येतील आणि आईबाबांची काळजीही कमी होईल. वही कोरीच राहिली, तर तेही वेळीच कळलेलं बरं!