वितळलेल्या बर्फाची पाच मिनिटं

पहाटे साडेपाचला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पोहोचलं की कामाचा उजेड जेमतेम दीड तास मिळतो. मग ऊन इतकं पांढरं पडतं की भिंतीवरचे बारकावे कॅमेऱ्यात टिकत नाहीत. कामराजर सालईवरच्या गोल दर्शनी भागाच्या एका इमारतीसमोर आम्ही लागोपाठ तीन दिवस असे उभे होतो. पाटीवर नाव ‘विवेकानंदर इल्लम’, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘ऐस हौस’च, म्हणजे आइस हाउस. तिथल्या पोलीस ठाण्याचं नावही तेच.

टीव्हीसाठी पाच-पाच मिनिटांचे माहितीपट करायचे होते. विषय अमेरिकेचा इतिहास आणि समाज, मुक्काम चेन्नई. संहिता माझ्याकडे होती. अमेरिकेला जाऊन चित्रीकरण करण्याएवढे पैसे नव्हते, म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला: अमेरिका इथे कुठे येऊन गेली?

पहिला भाग केला तो एलिहू येलवर. बॉस्टनमध्ये जन्मलेला हा माणूस १६८७ ते १६९२ मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. १७१८ साली त्याने अमेरिकेतल्या एका कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं, आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमधलं त्याचं लग्न सुरेख दाखवता आलं असतं. पण त्याच किल्ल्यातून माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात होती. ते वाक्य कुठे घालायचं यावर आमचा एक पूर्ण दिवस गेला. शेवटी ते देणगीच्या आधी घातलं. ते नंतर आलं असतं तर तळटीपेसारखं वाटलं असतं, आणि तो खोटेपणा झाला असता.

ऐस हौसच्या भागाची अडचण वेगळी होती. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८४२ साली ते बांधलं. मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात दाबून जहाजात भरायचा, चार महिन्यांचा प्रवास करून मद्रासला उतरवायचा आणि या कोठारातून विकायचा, असा त्याचा धंदा. कोलकाता आणि मुंबईलाही अशी कोठारं होती. आज उभं आहे ते एवढंच. यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि १८८० च्या सुमारास हा व्यापार संपला. म्हणजे ज्या वस्तूवर माहितीपट करायचा, तीच वितळून गेलेली. दाखवायचं काय?

आमच्या छायाचित्रकाराने मार्ग काढला. कासिमेडूच्या मासळी बंदरावरून त्याने बर्फाची एक लादी आणली. गोणपाटावर भुसा पसरला, त्यावर लादी ठेवली, वरून पुन्हा भुसा दाबला आणि कॅमेरा वीतभर अंतरावर आणला. सुरुवातीला लादीवर धुक्यासारखा पांढुरका थर होता. थोड्या वेळाने तो सरला आणि आत दोऱ्यासारखे हवेचे बुडबुडे दिसू लागले. भुसा कडेने ओला होत गेला, आधी पिवळसर, मग चहाच्या चोथ्यासारखा काळपट, आणि ओल्या लाकडाचा वास सुटला. साउंड रेकॉर्डिस्टने सगळ्यांना गप्प बसवून माइक जवळ नेला. बर्फ बोलतो. आतून बारीक कटकट आवाज येतो, मध्येच एक लांब तडा जातो. हेडफोन कानाला लावून तो मी ऐकला तेव्हा जहाजाच्या तळघरात रात्री काय ऐकू येत असेल, ते पहिल्यांदा कळलं.

संकलकाने मात्र लगेच खोट काढली. कारखान्याच्या लादीचा गाभा पांढरा असतो. तळ्याचा बर्फ वरून खाली सावकाश गोठत जातो, म्हणून तो काचेसारखा नितळ. त्याचं बरोबर होतं. मग आम्ही फक्त लादीची स्वच्छ कड वापरली आणि कोपऱ्यात ‘प्रतीकात्मक दृश्य’ असं लिहिलं. ही दोन शब्दांची पट्टी काढून टाकण्याचा मोह प्रत्येक भागात होतो, कारण तिच्याने चित्राची जादू थोडी उतरते. उतरू द्यावी. पाहणारा आपल्यावर विश्वास टाकून बसलेला असतो.

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. निवेदन साडेतीनशे शब्दांच्या पुढे गेलं की चित्र नुसतं त्याच्यामागे धावत राहतं. माझा पहिला खर्डा सहाशेच्या वर होता. काटछाटीत ट्यूडरची कर्जं गेली, त्याची चिकाटी गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत अमेरिका-युरोपातून परतलेले विवेकानंद याच इमारतीत नऊ दिवस राहिले, ती हकिगत पंधरा सेकंदांवर आली. याचं मला वाईट वाटलं, पण तो स्वतंत्र भागाचा विषय आहे.

एक गोष्ट मात्र मी कापू दिली नाही. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकायची आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्याला यायचा. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेच्या तडाख्यात त्या फुटण्याऐवजी लवत. चार महिने सांभाळलेला बर्फ शेवटच्या त्या फेसाळ पट्ट्यातून नावाड्यांनी पार केला. आणि दुसऱ्या टोकाला? १८४६-४७ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला शंभरेक आयरिश मजूर रोज येत. तिकडे आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ चालू होता. लेखक थोरो तळ्याकाठी झोपडीत राहून हे बघत होता. १८५४ च्या पुस्तकात त्याने या बर्फाचं पाणी पिणाऱ्यांत मद्रास आणि मुंबईच्या लोकांचा उल्लेख केला आहे. माझ्या मते अमेरिकेचा इतिहास इथेच, या दोन टोकांच्या हातांमध्ये आहे. ट्यूडर मधला व्यापारी.

शेवटचं दृश्य कोठारापासून लाटांपर्यंत जाणारं होतं. ते घेताना ध्यानात आलं की चालायलाच बराच वेळ लागतो. एवढी वाळू १८४२ मध्ये नव्हती. पुढे बंदर बांधलं गेलं, प्रवाह अडला आणि दक्षिणेला वाळू साचत गेली. समुद्र आधी खूपच जवळ होता. निवेदनात त्यासाठी सात शब्द घातले आणि दुसरीकडचे सात काढले.

एकाही नावाड्याचं नाव आम्हाला सापडलं नाही. मुंबईतही हाच बर्फ विकला जात होता, म्हणजे तिथल्या जुन्या घरांच्या जमाखर्चात कुठेतरी त्याची नोंद असणार. माळ्यावरच्या वहीत ‘बर्फ’ असा शब्द दिसला, तर कृपा करून ती वही रद्दीत घालू नका.