महामारीत जबाबदारी कोणाची? शासनाची की आपली?



'महामारी : शासन आणि नागरिकांची भूमिका' हा विषय निबंधाला दिला की मुलांच्या वहीत काय येणार हे आता आपल्याला पाठ झालं आहे. पहिल्या परिच्छेदात शासनाने रुग्णालये उभारावीत, लस द्यावी, लॉकडाऊन लावावा. दुसऱ्यात नागरिकांनी मास्क लावावा, हात धुवावेत, अफवांवर विश्वास ठेवू नये. शेवटी 'दोघांनी मिळून काम केले तर संकटावर मात करता येईल' आणि निबंध संपला. दहापैकी आठ गुण. मीही कितीतरी वेळा दिले आहेत.

पण अशा निबंधात दोन याद्या शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि एकमेकींशी एक शब्दही बोलत नाहीत. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका विद्यार्थ्याने. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ ला पुन्हा भरू लागले, त्यानंतर कधीतरी मी फळ्यावर 'नागरिकांची कर्तव्ये' लिहीत होते. पहिलंच कर्तव्य होतं, घराबाहेर पडू नये. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतला हा मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण आमचा संडास बाहेर आहे."

वर्ग हसला. मी हसू शकले नाही. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता.

या मुलाचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून रक्ताच्या नमुन्यांची तपासणी केली, जिला आपण सेरो सर्वेक्षण म्हणतो. दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि माटुंग्याचा एफ-उत्तर असे तीन वॉर्ड निवडले होते. ६,९३६ नमुने घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. झोपडपट्टीबाहेरच्या इमारतींमध्ये हे प्रमाण होतं १६ टक्के. वॉर्ड तेच, नियम तेच, टीव्हीवरच्या सूचना त्याच. मग इमारतीतले लोक जास्त शहाणे आणि वस्तीतले बेजबाबदार, असं म्हणायचं का? बहुतेक रुग्णांना लक्षणं नव्हती, आणि संडास, नळ सामायिक असले की अंतर राखणं हातात राहत नाही. मला वाटतं, हा एक आकडा वर्गात नीट समजावला तरी अर्धा धडा झाला. नागरिकाचं कर्तव्य पाळता येईल अशी परिस्थिती असणं, हा कर्तव्याचाच भाग आहे. आणि ती परिस्थिती निर्माण करणं हे कोणा एका कुटुंबाच्या हातात नाही.

आता याची दुसरी बाजू बघा. शासनाने सगळं केलं, पण लोकांनीच साथ दिली नाही तर? यासाठी आपल्याला थोडं मागे, म्हणजे १८९६ च्या मुंबईत जावं लागेल.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरमध्ये महापालिका आयुक्तांनी हुकूम काढला की रुग्णाला गरज पडल्यास जबरदस्तीने उचलून रुग्णालयात ठेवता येईल. कागदावर पाहिलं तर हुकूम शास्त्राला धरूनच होता, विलगीकरण तर आपणही केलं. पण लोकांना काय दिसलं? शिपाई येतात, माणसाला उचलून नेतात, आणि तो परत येत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला (आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच). घरोघरी लोक आजारी माणसाला लपवू लागले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांच्याबरोबर रोगही गेला. शेवटी पालिकेला त्या हुकमाची धार कमी करावी लागली.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकार काय काय करू शकेल, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा काय, आणि अधिकाऱ्यांवर खटला भरता येणार नाही, एवढाच त्याचा सारांश. आजारी माणसाला सरकार काय देणं लागतं, याबद्दल त्यात अक्षर नाही. पुण्यात याच काळात रँड यांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरं तपासली, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला, हा भाग मुलांना इतिहासातून माहीत असतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ ला. मी या दोन गोष्टी मुद्दाम एकाच तासाला सांगते. रोग एकच होता. एका दारावर सोजीर आला, दुसऱ्या दारावर सावित्रीबाई. आजारी माणसाला बाहेर काढायला कोणत्या घराने मदत केली असेल, हे मुलं स्वतःच सांगतात.

बरं, हाच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. त्याच्या जोडीला केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर टाळेबंदी केली. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी इथे एक मिनिट थांबावं. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं हे समवर्ती सूचीत आहे. आणि प्रत्यक्ष तुमच्या दारात येतो तो वॉर्ड ऑफिसचा माणूस, कारण १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने साथ आवरण्याचं काम पालिकेवर टाकलं आहे. म्हणजे 'शासन' हा एक माणूस नाही. मुलांच्या निबंधात मात्र तो नेहमी एकच असतो!

उपनगरांत २०२० च्या मे महिन्यापर्यंतचे दिवस आठवा. अहवाल पॉझिटिव्ह आला की घरातला एक जण फोन घेऊन बसायचा. हे रुग्णालय भरलंय, ते उचलत नाही, रुग्णवाहिका नाही. नंतर पालिकेने पद्धत बदलली. प्रयोगशाळांचे अहवाल आधी पालिकेकडे येऊ लागले आणि २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू झाल्या. अंधेरीचे के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन, प्रत्येकाची आपली. तिथून रुग्णाला फोन जायचा, लक्षणं विचारली जायची, खाट लागेल की घरी राहता येईल ते डॉक्टर ठरवायचे. 'माझा अहवाल आधी मला का नाही?' असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्तच होता. पण ओळखपाळख असलेल्याला खाट आणि नसलेल्याला वणवण, हे कमी झालं ते या पद्धतीमुळे, असं माझं मत आहे.

जूनमध्ये साथ उत्तरेकडे सरकली. दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि पूर्वेला भांडुप, मुलुंड इथे रुग्ण वाढू लागले, तेव्हा पालिकेने २२ जूनपासून या भागांसाठी खास मोहीम काढली. फिरते दवाखाने वस्त्यांत जाऊन ताप तपासू लागले. गोरेगावचं नेस्को, दहिसर, मुलुंड इथे मोठी करोना केंद्रं उभी राहिली, अंधेरीत मरोळचं सेव्हन हिल्स तर आधीच करोना रुग्णालय झालं होतं. पालिकेच्या शाळांत विलगीकरण केंद्रं झाली. ज्याच्या घरात वेगळी खोली नाही त्याला शाळेत खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं. पाहा, १८९६ मध्येही माणसाला घरातून नेत होते आणि २०२० मध्येही नेलं. फरक एवढाच की या वेळी बहुतेक जण परत येताना दिसले, फोनवर घरच्यांशी बोलू शकले. म्हणून पुढचा माणूस लक्षणं लपवायला तेवढा प्रवृत्त झाला नाही.

पण हे दरवेळी जमलं असं नाही. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढल्याचं जाहीर झालं आणि वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी उसळली. त्यांना 'बेजबाबदार' म्हणणं सोपं होतं. काम बंद, गाडी बंद, आणि खोलीत दहा जण. घरी बसा म्हणताना घरात काय आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. नाव ऐकून मी जरा चिडलेच होते. म्हटलं, घ्या, आता सगळं आमच्यावर! पण प्रत्यक्षात त्या नावाखाली काम केलं ते घरोघर फिरणाऱ्या बायकांनी. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका तापमान आणि ऑक्सिजन मोजायच्या, घरात मधुमेह, रक्तदाब कोणाला आहे ते लिहून घ्यायच्या. पालिका शाळांतल्या अनेक शिक्षकांनाही सर्वेक्षणाची, धान्यवाटपाची ड्यूटी लागली होती. त्यांना विचारा, दार उघडणं आणि खरं सांगणं ही केवढी मोठी मदत असते. काही इमारतींत वॉचमनच वर सोडत नव्हता. 'आमच्याकडे कोणी आजारी नाही,' असं इंटरकॉमवरूनच उत्तर. झोपडीवाल्यांना शिस्त नाही म्हणणाऱ्यांपैकी काही जण याच इमारतींत राहतात, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. डॉक्टर-नर्सना घर सोडायला सांगणारे, त्यांच्यावर हात उचलणारे लोकही निघाले आणि एप्रिल २०२० मध्येच केंद्राला त्यांच्या संरक्षणासाठी १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला.

दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली इमारत सील करायचा नियम आला. त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन कमी पडायची वेळ आली तेव्हा पालिकेने एका रात्रीत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थेकडून शिकायला सांगितलं. हे काम नागरिकाच्या हातातलं नव्हतंच. कितीही मास्क लावला तरी ऑक्सिजनची टाकी आपण बसवू शकत नाही.

आणि याच मे महिन्यात नागरिकाच्या हातातली एक गोष्ट घडली. लशीसाठी रांगा होत्या, पोर्टलवर वेळ मिळत नव्हती. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका मोठ्या सोसायटीत खासगी शिबिर झालं. सुमारे ३९० लोकांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन लस घेतली. नंतर रहिवाशांनाच शंका आली. मोबाइलवर संदेश का आला नाही? टोचताना फोटो का काढू दिले नाहीत? प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने कशी? ते गप्प बसले असते तर? शिबिर बोगस होतं आणि असेच आणखी प्रकार झाले होते, हे त्यांच्या तक्रारीनंतरच्या तपासात बाहेर आलं. लशीचा तुटवडा आणि देखरेखीतली ढिलाई ही व्यवस्थेची बाजू, पण ती चूक पकडली ती प्रश्न विचारणाऱ्या लोकांनी. मुलांच्या यादीत 'नियम पाळणे' असतं, 'प्रश्न विचारणे' कधीच नसतं. मी आता ते वेगळं कर्तव्य म्हणून लिहून घेते.

तेव्हा या विषयावर निबंध देताना एक बदल करून पाहा. दोन याद्या लिहायला सांगू नका. नागरिकाचं एक कर्तव्य द्या आणि विचारा, 'हे पाळता यावं म्हणून आधी कोणी काय करायला हवं?' हात धुवावेत, तर पाणी किती वाजता येतं? गर्दी टाळावी, तर बोरिवलीहून चर्चगेटला कामाला जाणाऱ्याने काय करावं? लोकल १५ जून २०२० ला सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, बाकीचे बेस्टच्या रांगेत. मग उलटं विचारा. शासनाचं एक काम द्या, 'रुग्ण शोधणे', आणि विचारा, लोकांनी काय केलं नाही तर हे फसेल? चौथीची मुलंसुद्धा यावर बोलतात.

पालकांसाठी मात्र एक काम आहे आणि ते निबंधाचं नाही. करोनाच्या दोन वर्षांत कितीतरी बाळांच्या नेहमीच्या लशी राहून गेल्या. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि आसपास गोवराची साथ आली, त्यात लहान मुलं दगावली, आणि पालिकेला नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जादा डोस द्यावा लागला. तेव्हा घरातलं लसीकरण कार्ड शोधा. गोवर-रुबेलाच्या दोन डोसांसमोर तारीख आहे का पाहा. नसेल तर जवळच्या पालिका दवाखान्यात घेऊन जा, लस तिथे मोफत मिळते. कार्ड हरवलं असेल तरी जा. आणि तिथे लस संपली आहे असं सांगितलं, तर कधी येईल ते विचारून तारीख लिहून घ्या.