शरदांतील मेज आणि जुनीं भांडीं

कोजागिरीच्या रात्रीं पाहुण्यांसाठीं मेज मांडावयाचें, तर नवी खरेदी हवीच असें नाहीं. मुंबईच्या चोरबाजारांत, मटन स्ट्रीटवर, एखादें पितळी तबक अजूनहि मिळतें. घासाघीस मात्र करावी लागते! चिंचेनें उजळलेल्या तबकांत झेंडू व शेवंतीचीं फुलें, मध्यें समई, एवढी शोभा पुरे. परंतु जुन्या पितळी वाटींत दहीं वा कढी वाढण्यापूर्वीं आंतली कल्हई पाहावी. कथलाचा तो पांढरा थर झिजला असल्यास आंबटानें तांबें पदार्थांत उतरतें आणि मळमळ, वांति होते. जुन्या चिनी मातीच्या तडकलेल्या बशीच्या झिलईंत शिसेंहि असूं शकतें. असल्या वस्तूंत फुलेंच ठेवावीं. कोजागिरीचें दूध कल्हईच्या पातेल्यांत आटवावें.