लहान रंगमंचाचा खर्ज : व्हॉल्व्हचा बास-ध्वनिवर्धक (लेखांक सहावा)

मागील लेखांकात कर्ण्याचा विचार झाला; आता त्या कर्ण्याला चालविणाऱ्या यंत्राकडे वळावयाचे आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून त्यासाठी एक स्थळ मुक्रर करतो. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे ते स्थळ. ब्रिटिश अमदानीत बांधलेला विस्तीर्ण तलाव, नागझिरा अभयारण्याच्या बाजूला पसरत गेलेले अरण्य आणि पर्यटकांसाठी उभारलेली मोजकी निवासस्थाने एवढाच येथील संसार. येथे क्लब नाही. परंतु शंभर-सव्वाशे श्रोत्यांसमोर बास गिटार, कीबोर्ड आणि तालवाद्य घेऊन जो मेळ बसेल, त्याची गरज मुंबईच्या लहानशा क्लबातील मेळाहून निराळी असणार नाही. शिवाय हा सारा मुलूख झाडीपट्टी रंगभूमीचा. दिवाळीनंतर वडसा येथील नाटकमंडळ्या गावोगाव निघतात, रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि गायनवादन रंगमंचापाशी प्रत्यक्ष होते. साथ जिवंत असली पाहिजे हा आग्रह येथील प्रेक्षकांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे त्याची लहर आठ मीटरांहून अधिक लांब. एवढी लहर निर्माण करणे हे कोणत्याही लहान पेटीच्या शक्तीबाहेरचे काम होय, आणि तरीही तो स्वर आपणांस ऐकू येतो, याचे कारण श्रवणेंद्रियाच्या एका अद्भुत सामर्थ्यात आहे: मूळ स्वर क्षीण असला तरी त्याची ८२, १२३ अशी उपस्वरांची मालिका कानी पडताच बुद्धी मूळ स्वराची पूर्तता स्वतः करते. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचे मर्म येथेच आहे. त्याच्यावर भार वाढत गेला म्हणजे तो ध्वनिलहरीचे माथे एकदम छाटीत नाही, ते हळूहळू वाटोळे करीत जातो, आणि या क्रियेत नेमके हेच उपस्वर समृद्ध होतात. म्हणून तीस वॅटचा व्हॉल्व्ह-संच कानाला त्याच्या आकड्याहून भारदस्त वाटतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बास गिटारने चित्रगीतांतील खर्जाला जे चालते-बोलते व्यक्तिमत्त्व दिले, ते ज्यांच्या कानांत मुरले आहे त्यांना हा भरीव, गोलाईचा नाद का हवासा वाटतो हे निराळे सांगावयास नको.

या यंत्राची परंपरा थोडक्यात सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन’ बास गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘बासमन’ हा ध्वनिवर्धक. त्याच्या चार दहा-इंची कर्ण्यांच्या, पाठ उघडी असलेल्या पुढील आवृत्तीने मात्र गिटारवादकांनाच अधिक मोहविले, कारण उघड्या पेटीत कर्ण्याच्या मागची लहर पुढच्या लहरीला गाठून खर्ज खाऊन टाकते. बासवादकाचा खरा कैवारी ठरला तो एव्हरेट हल. तो स्वतः बासवादक होता; उभ्या बासच्या खालच्या खुंटात ध्वनिग्राहक बसविण्याच्या त्याच्या युक्तीवरून ‘अ‍ॅम्पेग’ हे नाव आले, आणि त्याच्या कारखान्यात जेस ऑलिव्हर यांनी १९६० साली ‘बी-१५’ हा संच सिद्ध केला. बंदिस्त पेटी, एकच पंधरा-इंची कर्णा, शक्ती अवघी पंचवीस वॅट, आणि काम संपले की यंत्र उलटे करून पेटीच्या पोटातच ठेवण्याची सोय. डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन हा थोर बासवादक क्लबांतून याच जातीचा संच वापरीत असे. १९६९ साली त्याच अ‍ॅम्पेगने मोठ्या मैदानांसाठी ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ काढला. त्यात चौदा व्हॉल्व्ह, पैकी सहा थोर शक्तीचे, आणि नुसत्या यंत्राचेच वजन चाळीस किलोच्या घरात.

आता वॅटच्या आकड्याने दिपून जाणाऱ्या नवागताने एक हिशेब अवश्य ध्यानी घ्यावा. शक्ती दुप्पट केली म्हणजे ध्वनी केवळ ३ डेसिबलने चढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटावयास शक्ती दसपट लागते. म्हणजे ३०० वॅटचा अजस्र संच ३० वॅटच्या संचाहून सुमारे दुप्पटच मोठा भासेल. उलटपक्षी, ९७ डेसिबल क्षमतेच्या कर्ण्याऐवजी १०० डेसिबलचा कर्णा घेतला तर पंचवीस वॅटमध्ये पन्नास वॅटचे काम होते, तेही व्हॉल्व्हवर एका पैशाचा बोजा न वाढविता. म्हणून खर्चाची तजवीज करताना अव्वल पैसा कर्ण्याकडे व बंदिस्त पेटीकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोदलकशासारख्या ठिकाणी या मताला आणखी एक आधार मिळतो. अरण्यालगत खर्ज फार दूरवर जातो. झाडांची पाने तीव्र स्वर गाळतात, मंद स्वरांना अडवीत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई केली आहे, आणि ती पाळावयाची तर सायंकाळची मैफल वेळेत आटोपणे ओघानेच आले. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी नागझिऱ्याच्या शेजाराचा मान राखणे हे वादकाचे कर्तव्यच आहे. आपला संच आपल्या मेळास ऐकू यावा एवढाच ठेवावा, आणि श्रोत्यांसाठी त्याच्या ‘लाइन आउट’मधून सभेच्या ध्वनियंत्रणेस जोड द्यावी. कनातींच्या मंडपात खर्जाला उचलून धरणाऱ्या भिंती नसल्यामुळे तेथे तर या जोडणीवाचून गत्यंतर नाही.

परंतु ग्रामीण रंगमंचावर व्हॉल्व्हच्या यंत्राची खरी परीक्षा घेते ती वीज. तिरोड्यास ३३०० मेगावॅटचे औष्णिक विद्युत्केंद्र उभे असले तरी मंडपातील पुरवठा बहुधा लांबलचक तारांवरून किंवा जनरेटरवरून येतो, आणि त्याचा दाब स्थिर राहील याची हमी कोणी देत नाही. २३० व्होल्टचे २६० झाले की ज्या व्हॉल्व्हच्या पट्टीवर ४५० व्होल्ट खेळत असतात तिच्यावर ५०० हून अधिक येतात, तंतू प्रमाणाबाहेर तापतो आणि आयुष्य झपाट्याने घटते. चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर हा म्हणून चैनीचा नव्हे, संचाचाच भाग समजावा. परदेशातून जुना १२० व्होल्टचा संच आणणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की तो ६० आवर्तनांसाठी घडविलेला आहे. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तरी आपली आवर्तने ५० च राहतात आणि त्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. दुकानात परीक्षा करताना कर्ण्याला स्वर पोहोचविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडेही नजर टाकावी. मंद स्वरांना पुष्कळ लोखंड लागते. जेथे ते कमी, तेथे खर्ज चिखलासारखा होतो.

व्हॉल्व्ह मिळण्याचाही प्रश्न आहे. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत. आज ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात. ६एल६ किंवा ईएल३४ या सहज मिळणाऱ्या जातींवर चालणारा संच घ्यावा, आणि एक जुळवलेली जोडी नेहमी बरोबर असावी. सहा महागडे व्हॉल्व्ह एकदम बदलावे लागणारा एसव्हीटी लहान मेळाच्या खर्चवेचात बसत नाही. अ‍ॅम्पेगने अलीकडच्या काळात काढलेले वीस व पन्नास वॅटचे व्हॉल्व्ह-संच, किंवा इंग्लंडच्या अ‍ॅशडाउनचा तीस वॅटचा संच, हे या मापाचे होत. तबला-ढोलकीच्या सोबतीस तीस वॅट पुरतात. काठ्यांनी वाजविलेला पूर्ण ड्रमसंच असेल तर मात्र शंभरच्या आत समाधान होणार नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

माझी शिफारस पन्नास वॅटचा संच, बंदिस्त पेटीतील एक पंधरा-इंची कर्णा आणि स्टॅबिलायझर अशी आहे. कर्णा जोडल्यावाचून संच कधीही चालू करू नये, ओहमचा आकडा जुळवून घ्यावा, आणि तलावाकाठच्या दमट रात्री गाडीवरून उतरविलेल्या संचाला वाजविण्यापूर्वी पुरेसा वेळ उघड्या हवेत ठेवावे. वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब साठलेला राहतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम केवळ जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, ही वाचकांस कळकळीची विनंती. पुढील लेखांकात कर्णा आणि संच यांच्यामधील तारेचा विचार करू.