पितळी पुंगळीची परीक्षा

रायफल म्हटली की डोळ्यांसमोर नळी, चाप आणि गोळी येते. गोळी सुटल्यावर बाजूला उडून पडणाऱ्या रिकाम्या पुंगळीकडे सहसा कोणी पाहत नाही. मात्र, शस्त्र ऐनवेळी चालणार की दगा देणार, हे बऱ्याचदा या पुंगळीवरच ठरते.

काडतुसातील दारू पेटताच चेंबरमध्ये वातावरणाच्या तीन-चार हजार पट दाब निर्माण होतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच तिने पुन्हा आक्रसून भिंत सोडायची असते. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ ही दोन्ही कामे करते. ते फार मऊ असेल तर आक्रसत नाही आणि फार कठीण असेल तर तडकते. म्हणूनच चांगल्या पुंगळीचे बूड कठीण आणि तोंड तापवून मऊ केलेले असते.

यात कसूर झाली की काय होते, याचे धडे रणांगणावर मिळाले. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमधील अबू क्ली येथील लढाईत ब्रिटिश सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या. त्यांच्या पुंगळ्या पातळ पितळी पत्रा गुंडाळून, त्याला वेगळे बूड जोडून केलेल्या होत्या. तापलेल्या, वाळू शिरलेल्या चेंबरमध्ये त्या अडकून बसत आणि ओढताना बूड तुटून येई. पुढे एकसंध पितळातून ओढून घडवलेल्या पुंगळ्या रूढ झाल्या.

एकसंध पुंगळीलाही भारतातील पावसाळ्याने जेरीस आणले. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना न वापरताच तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी पितळात उरलेला ताण या तिघांचा हा परिणाम होता. त्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ मध्ये झाला. घडणीनंतर पुंगळी बेताने तापवली की हा ताण निघून जातो.

दोष नेहमी पुंगळीचाच असतो, असे नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एम-१६ रायफलीच्या चेंबरला सुरुवातीला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेने चेंबर गंजून खडबडीत झाले, बदललेल्या दारूची काजळी साचली आणि साफसफाईची साधनेही अपुरी होती. रिकाम्या पुंगळ्या आत अडकू लागल्या. शत्रू समोर असताना सैनिकांना नळीत सळई घालून त्या बाहेर ढकलाव्या लागत. या प्रकरणी १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली आणि त्यानंतर चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला.

अमेरिका, युरोपमधील अनेक नेमबाज रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरतात. त्यांच्यासाठी हे सारे महत्त्वाचे आहे. भांडे ठोकता ठोकता धातू कडक होतो, म्हणून तांबट ते मधूनमधून भट्टीत तापवतो. पुंगळीचेही तसेच आहे. प्रत्येक वेळी ती फुगते, पुन्हा दाबून मूळ मापावर आणली जाते आणि दरवेळी थोडी कडक होते. तोंडाला बारीक चीर पडते. चेंबर मापापेक्षा सैल असेल तर पुंगळी लांबीत ताणली जाते आणि बुडाच्या किंचित वर तिची भिंत पातळ होते. तेथे बाहेरून चकाकणारे कडे दिसू लागले की त्या पुंगळीचे आयुष्य संपले, असे समजावे. ती तिथेच तुटली तर पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि तप्त वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

पुंगळी आणि चेंबर हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत. एकाची तपासणी करून दुसऱ्याकडे डोळेझाक केली, तर धोका तसाच राहतो. पुंगळीवरची बारीक चीर दिसायला क्षुल्लक असते. पण ती दिसताच पुंगळी मोडीत टाकण्यातच शहाणपण आहे.